पडद्यावर तुझे हात

असल्फा, घाटकोपर
१६ नोव्हेंबर २०२५

चि. कल्पिता,

सिनेमा बघून आलो. शुक्रवारी पहिल्याच दिवशी जायचं मनात होतं, पण शाळेत प्रात्यक्षिकं चालू होती आणि प्रयोगशाळा उघडी ठेवायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. म्हणून काल दुपारी गेलो. आईला सांगितलं, पखवाजाच्या वाद्या आणायला जातो.

फोन करत नाही, कारण माझा आवाज ऐकला की तू बंद करतेस. दीड वर्षात तेवढं मला समजलंय. कोल्हापूरला टपाल चार दिवसांत पोचतं असं आमच्या ऑफिसातले म्हणाले. तुझ्या हॉस्टेलचा पत्ता आईच्या वहीतून उतरवून घेतलाय. तिच्यावर रागावू नकोस, तिला विचारलं नव्हतं.

सिनेमा चांगला नाही. एवढ्या मोठ्या थिएटरात आम्ही अकरा जण होतो. दिग्दर्शक धवलने आपल्या घरी येऊन गोष्ट वाचून दाखवली होती तेव्हा माझे डोळे भरून आले होते, तुला आठवत असेल. देवळात पखवाज वाजवणारी मुलगी, आणि मुलीने वाजवू नये म्हणणारा गाव. किती साधी गोष्ट होती. तिचं काय केलंय! मधेच मुलीला लंडनला नेलंय. तिथे हिरॉइन झालेल्या मधुवंतीचा खरा भाऊ पाहुणा म्हणून येतो आणि नाचून जातो. खलनायक झालाय तोही तिचा खरा मामा. शेवटी स्वतः देवव्रत साहेब पुजारी होऊन येतात आणि नातीच्या डोक्यावर हात ठेवतात. अख्खं घराणं आत आहे. कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ बघत बसल्यासारखं वाटलं.

माझ्या मागे कॉलेजातली चार पोरं होती, ती मुद्दाम हसायलाच आली होती. मधुवंती गाभाऱ्यासमोर बसून रडते तेव्हा एक जण मोठ्याने म्हणाला, "रडू नको गं, आजोबांना फोन लाव, ते बघून घेतील." सगळे हसले. मलाही हसू आलं, मग वाईट वाटलं. त्या मुलीने खरंच मेहनत केली होती. बोटांना फोड आले तरी ती माझ्या पखवाजाच्या क्लासला येत होती.

मधुवंतीचा चेहरा दिसतो तेव्हा पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक नाही. कोरडं कातडं आहे. पुढच्या क्षणी नुसते हात दिसतात आणि कणीक असते, तू मळलेली, कडेने अंगठ्याने दाबलेली. परत चेहरा आला की कणीक गेली. आपल्या मंडळातलं कुठलंही पोर सांगेल की कणकेशिवाय डावी बाजू घुमत नाही, आणि चेहरा एकाचा, हात दुसऱ्याचे. हे बघणं सेटवर माझंच काम होतं. पण तू गेल्यावर मी तिकडे जाणं सोडलं होतं.

तुझे हात आले तेव्हा ती पोरं गप्प झाली. पडदाभर हात. मग एक म्हणाला, "हे कोण वाजवतंय यार?"

"डुप्लिकेट असेल कोणीतरी."

"मग डुप्लिकेटलाच हिरॉइन करायचं ना!"

शेवटी नावं येतात ती सगळी वाचली. झाडूवाला दारात खोळंबून उभा होता. सेटवरचा कुत्रा सांभाळणाऱ्याचं नाव आहे. तुझं नाही.

त्या लोकांनी तुझ्या चेहऱ्याबद्दल जे म्हटलं ते मनातून काढून टाक. सिनेमावाल्यांना माणसाची पारख असती तर सिनेमा असा झाला नसता.

तब्येतीला जप. नाइट ड्यूटी असली की जेवण टाळू नकोस.

बाबा


२५ नोव्हेंबर २०२५

चि. कल्पिता,

तू आईला म्हणालीस की पत्र पोचलं. वाचलं का ते ती सांगत नाही. मीही विचारलं नाही.

माझ्या शर्टाच्या खिशात आईला तिकीट सापडलं. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "एकटेच गेलात?"

"हो."

"काय बघायला गेलात? पोरीचे हात? पोरगी इथे होती तेव्हा बघायचे होते."

"सुगंधा, ऐक तर खरं..."

"गप रवा. माझी पोळी करपते."

ती चिडली की तिच्या तोंडी माहेरची मालवणी येते, तुला माहीत आहे. त्या दिवशी माझ्याशी तेवढंच बोलली.

मी आठवत बसलो की हे सगळं सुरू कुठून झालं. मुलुंडला महाशिवरात्रीची डबलबारी, दोन भजनी मंडळांचा सामना. आपल्या बुवांचा घसा बसलेला आणि समोरची पार्टी तयारीची. तू मागे बसून पखवाजावर असा काही गजर उचललास की समोरच्या बुवांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून तुझ्याकडे दिला. त्या गर्दीत धवल उभा होता. महिन्याभरात आपण अंधेरीला टेस्ट द्यायला गेलो. तू आईची मोरपंखी साडी नेसली होतीस आणि मेट्रोत सारखी विचारत होतीस, "बाबा, मी ओव्हर वाटत नाही ना?"

त्यानंतर साहेबांनी मला भेटायला बोलावलं, हे तुला माहीत आहे. तिथे काय वाटलं ते मात्र मी कधी बोललो नाही. मी नऊ वर्षांचा असताना आमच्या गावच्या जत्रेत तंबूत त्यांचा सिनेमा आला होता. त्यात ते भक्त झाले होते. देव त्यांना दर्शन देतो तिथे माझ्या आईने उठून पडद्यासमोर कापूर लावला. तंबूवाला आग लागेल म्हणून ओरडत धावला, पण तोवर बाकीच्या बायकाही हात जोडून उभ्या राहिल्या होत्या. आम्हाला हिंदी कळत नव्हती. आई मरेपर्यंत त्यांना "देवमाणूस" म्हणायची. टीव्हीवर ते चहाची जाहिरात करायचे तरी ती पदर डोक्यावर घ्यायची.

त्या माणसाने माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि म्हणाले, "मास्टरजी, माझ्या नातीला शिकवा." मी हो म्हणालो.

मग तुला सांगितलं की नुसते हात तरी दे. वाजवणं ही सेवा आहे, सेवेला नाव कशाला, आपल्या भजनात पखवाजवाल्याचं नाव कोण विचारतं, असं मीच बोललो. तू ऐकलंस, कारण लहानपणापासून तुला हेच शिकवत आलो होतो.

फिल्मसिटीला आपण आरेतून बसने गेलो तो दिवस. मेकअपवाला ओल्या स्पंजने तुझे हात कोपरापर्यंत उजळ करत होता. "दीदीच्या रंगाला मॅच करायचंय," म्हणाला. तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली बघून कणीक मळायला लागलो.

पुढच्या महिन्यात तू कोल्हापूरच्या नर्सिंगचा फॉर्म भरलास. जाताना पखवाज नेला नाहीस. मी तो पुसून ठेवतो. वाजवत नाही.

बाबा


४ डिसेंबर २०२५, दत्तजयंती

चि. कल्पिता,

आज मठात भजन होतं. मी टाळ घेऊन बसलो. पखवाजावर अल्पेश होता. त्याचा हात आता बरा झालाय, फक्त घाई करतो. मला बघून बुवा म्हणाले, "बळवंत, तुझा हात गेला की मन गेलं?" मी हसण्यावारी नेलं.

सिनेमा सगळीकडून उतरला. दोन आठवडेही टिकला नाही. पेपरात आलंय की साहेबांच्या नातवाचा, म्हणजे त्या नाचणाऱ्या भावाचा, पुढचा सिनेमा ठरला. एक पडला तर दुसरा तयारच आहे. मधुवंतीची मात्र फार टवाळी चालली आहे. अल्पेशने मोबाइलवर दाखवली. तिचं रडणं तोडून त्याला कुकरच्या शिट्ट्या जोडल्यात. पोरं हसत होती. मी म्हटलं, बंद कर.

आणि गेल्या रविवारी ती स्वतः क्लासला आली. तोंडाला मास्क, साधा पंजाबी ड्रेस, सोबत कोणी नाही. पोरांना पाणी प्यायला पाठवलं. ती सतरंजीवर बसली. ती हिंदीत बोलते, मी मराठीत लिहितो.

"गुरुजी, रागावलात?"

"तुझ्यावर कशाला रागावू?"

"सगळे रागावलेत. आजोबा म्हणतात, लोकांना चांगला सिनेमा कळत नाही. मला कळतं ना. मी घाण केली." मग ती हसली. "मला तर घरातल्या इंटिरियरचं काम करायचं होतं. पण आमच्याकडे पंचवीस वर्षं झाली की लाँच करतात. लग्न लावून देतात तसं."

मी तिला चहा मागवला. ती कप हातात धरून बसली. मग म्हणाली, "कल्पिता कशी आहे? तिला माझं सॉरी सांगा. टेस्टमध्ये तिचं सिलेक्शन झालं होतं, हे युनिटमधल्या सगळ्यांना माहीत होतं. सीन चालू असताना मला सारखं वाटायचं की मी तिच्या जागेवर बसलेय. तिने स्वतःहून सोडलं म्हणून तरी मी केलं. पण मला एक विचारायचंय. तिने खरंच स्वतःहून सोडलं ना?"

मी हो म्हणालो.

मारुतीचा फोटो समोरच होता. तरी हो म्हणालो.

ती निघून गेली. पोरं आत आली आणि मी त्यांना ठेका घालून दिला. काय घालून दिला ते आठवत नाही.

तू हे वाचून कपाळाला आठ्या घातल्या असतील. कुठलं सिलेक्शन, असं म्हणत असशील. आज मला इथून पुढे लिहवत नाही.

बाबा


९ डिसेंबर २०२५

कल्पिता,

पाच दिवस झाले. रोज पूजेला बसतो आणि तसाच उठतो. आता सरळ लिहितो.

टेस्टनंतर चौथ्या दिवशी धवलचा फोन आला होता. माझ्याच मोबाइलवर, कारण फॉर्मवर तू माझा नंबर दिला होतास. तो म्हणाला, "काका, कल्पिताच. पक्कं. मी दुसऱ्या कोणाला बघणारसुद्धा नाही." मी शाळेत होतो. हातात परीक्षानळ्यांचा ट्रे होता, तो खाली ठेवला आणि बाकावर बसलो. संध्याकाळी पेढे घेऊन घरी येऊन तुम्हा दोघींना सांगायचं ठरवलं.

पेढे घ्यायच्या आधी साहेबांच्या माणसाचा फोन आला. गाडी पाठवली होती. अंधेरीच्या स्टुडिओत वरच्या मजल्यावर त्यांची खोली आहे. माझे हात हातात घेतले ते तेव्हाच. पण नातीला शिकवा, एवढंच ते बोलले नव्हते. ते म्हणाले, "निर्माता माझं ऐकतो. पण हा दिग्दर्शक पोरगा हट्टाला पेटलाय, तुमच्याच मुलीला घेणार म्हणतो. तिने स्वतःहून नाही म्हटलं तरच तो ऐकेल. माझी नात दोन वर्षं घरात बसून आहे, मास्टरजी. तुमच्या मुलीला काय, तिच्या हातात विद्या आहे. माझ्या नातीकडे फक्त माझं नाव आहे."

एवढा मोठा माणूस माझ्यासमोर असं बोलला. त्यांचे डोळे ओले होते. ते खरे ओले होते की नाही हे मला आजही सांगता येत नाही. मला तिथे साहेब दिसत नव्हते. आमचा तंबू आणि हात जोडून उभी असलेली माझी आई दिसत होती. ज्याच्यापुढे आईने कापूर लावला त्याला मी नाही कसं म्हणणार, असं वाटलं. त्या माणसाने एका सिनेमात भक्ताचं काम केलं होतं, इतकंच. हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

खाली उतरून मी धवलला फोन केला. सांगितलं, कल्पिता नको म्हणते, तिला सिनेमा करायचा नाही. तो खूप वाद घालत होता. मी म्हटलं, तिला फोन करू नका, तिला त्रास होतो.

मग घरी आलो. तू दारातच उभी होतीस. तुला काय सांगायचं हा विचार मी मेट्रोत करत होतो. वाजवण्यात खोट काढली असती तर तुला पटलं नसतं. स्वतःचा हात तुला ठाऊक होता. तुला ज्याची खात्री नव्हती असं काहीतरी हवं होतं. साकीनाका गेल्यावर मला ते सापडलं.

"कॅमेऱ्यात तुझा चेहरा बसत नाही म्हणाले."

हे कोणीही म्हणालं नव्हतं, कल्पिता. धवल नाही, साहेबसुद्धा नाहीत. ते वाक्य माझं आहे.

तू एवढंच विचारलंस, "काळी म्हणून?" आणि मी मान हलवली.

त्यानंतर तू आरसा कपाटाच्या आतल्या बाजूला लावून घेतलास. अल्पेशच्या बहिणीच्या लग्नात फोटोत उभी राहिली नाहीस. मी हे सगळं बघत होतो आणि रोज सकाळी गंध लावून शाळेत जात होतो. सेवेला नाव नसतं, हे मी तुला शिकवलं ते खरं आहे, अजूनही मला ते खरं वाटतं. पण ते तुझं तू म्हणायचं होतं. मी ते दुसऱ्याच्या नातीसाठी तुझ्याकडून काढून घेतलं.

काल आईला सगळं सांगितलं. ती मार्गशीर्षातल्या गुरुवारसाठी घट घासत होती. घासायची थांबली. घट उपडा ठेवला आणि म्हणाली, "तिला लिहा. मी तुमच्या वतीने सांगणार नाही."

"लिहितो."

"आणि माफी मागू नका. मागितली की पोरीला द्यावी लागते."

म्हणून मागत नाही.

बळवंत


२१ डिसेंबर २०२५

कल्पिता,

तुझा निरोप आईने सांगितला. बाबांना म्हणावं आता पत्र नको. तुझं बरोबर आहे. हे एवढं पाठवतो, कारण ह्यात माझं काही नाही, तुझं आहे. ह्यानंतर लिहिणार नाही.

गेल्या रविवारी धवलकडे गेलो होतो, चार बंगल्याला. त्याला सगळं सांगितलं. तो खिडकीशी गेला. मग म्हणाला, "काका, मी एक फोन तिला केला असता तरी हे उघडं पडलं असतं. मीही केला नाही. हातांच्या शूटिंगलासुद्धा स्वतः न येता सहायकाला पाठवलं. मला पण पिक्चर करायचाच होता ना." त्याच्याकडे आता काम नाही. सिनेमा पडला तो त्याच्या एकट्याच्या नावावर पडला. घराण्याच्या नावावर काहीच पडत नाही. त्यामुळे त्याच्याकडे गेलीस तर तुला पुन्हा भूमिका मिळेल असं समजू नकोस. मला तशी आशा दाखवायची नाही. त्याने तुझा नंबर मागितला. मी दिला नाही. म्हटलं, तो तिने द्यायचा. त्याचा नंबर पत्राच्या मागे लिहिलाय. फोन करायचा की नाही, हे ह्या वेळी कोणी तुझ्या वतीने ठरवणार नाही.

त्याने तुझी टेस्ट जपून ठेवली आहे. लॅपटॉपवर मला दाखवली. सहा मिनिटांची आहे. ती तुझी आहे, मागितलीस तर पाठवेल.

तू आधी नाव सांगतेस. मग गाव विचारतात तेव्हा हसतेस, कारण आईचं की बाबांचं ते तुला कळत नाही. मग मांडी घालून बसतेस, साडी सावरतेस आणि वाजवायला लागतेस. मला तुझा पखवाज तोंडपाठ आहे. पण वाजवताना तू कशी दिसतेस हे मी एकवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मी नेहमी बाजूला बसलो, हातांकडे बघत. समेवर येण्याआधी तू डोळे थोडे बारीक करतेस आणि तुझी हनुवटी जराशी वर जाते, आता पकडलं बघ, अशी. तिथे धवलने चित्र थांबवलं आणि म्हणाला, "हे बघा. ह्याच्यासाठी मी भांडत होतो." पोरी, त्या पडद्यावर दुसरं काही बघावंसं वाटत नव्हतं.

वाजवून झाल्यावर तू कॅमेऱ्याच्या बाजूला बघतेस. मी तिथे खुर्चीवर होतो. तू विचारतेस, "बाबा, कसं झालं?" तुझा चेहरा फुललाय आणि तू वाट बघतेस.

आणि माझा आवाज येतो, "डावा हात जरा जड पडला."

बाबा